नीलाप्रवेश-साधनाची निवड आणि परिचारिकेचा निर्णय

रुग्णालयातील डॉक्टर औषधपत्रकावर औषधाचे नाव लिहितो, मात्रा लिहितो, दिवसातून किती वेळा द्यावयाचे तेही लिहितो. परंतु ते औषध नीलेत नेमक्या कोणत्या वाटेने जावयाचे हे बहुधा लिहिलेले नसते. ‘शिरेतून’ एवढाच निर्देश असतो. या एका शब्दामागे आज किमान सहा निरनिराळी साधने उभी आहेत, आणि त्यांतील कोणते वापरावयाचे हे ठरविण्याचे काम पुष्कळदा कोणी मुद्दाम न सोपविताच परिचारिकेकडे येते. ती जे साधन निवडते त्यावर रुग्णाचे दुखणे, जंतुसंसर्गाचा धोका, रुग्णालयातील मुक्काम आणि काही प्रसंगी त्याचे पुढील कित्येक वर्षांचे आयुष्य अवलंबून असते. या निवडीमागे कोणते शास्त्र आहे आणि ती करण्याचा अधिकार परिचारिकेकडे कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम साधनांविषयी. आपल्या रुग्णालयांतून ‘इंट्राकॅथ’ किंवा ‘व्हेनफ्लॉन’ या नावांनी ओळखली जाणारी आखूड नलिका हातावरील नीलेत बसवितात. रुग्णाचे नातेवाईक तिला ‘सुई’ म्हणतात आणि हात हलविला तर ती शिरेत मोडेल या भीतीने रुग्णाला तासन्तास हात हलवू देत नाहीत. वस्तुतः सुई नीला सापडताच काढून घेतलेली असते. आत राहते ती केवळ मऊ प्लास्टिकची नळी. हा एवढा खुलासा केला तरी रुग्णाचा निम्मा त्रास कमी होतो, असा अनेक परिचारिकांचा अनुभव आहे. याहून लांब, सुमारे ८ ते २० सेंटिमीटरांची, दंडातील खोल नीलेत बसविली जाणारी आणि काखेच्या अलीकडेच संपणारी नलिका म्हणजे ‘मिडलाइन’. त्याच दंडातून शिरून पुढे छातीत, ऊर्ध्व महानीला आणि उजवे अलिंद यांच्या संधीजवळ जिचे टोक पोहोचते ती ‘पिक लाइन’. मानेतील किंवा जत्रूखालील नीलेतून थेट घातलेली केंद्रीय नलिका, त्वचेखालून बोगदा करून नेलेली दीर्घकालीन नलिका आणि त्वचेखाली संपूर्ण पुरलेला ‘पोर्ट’ ही उरलेली तीन. मिडलाइन आणि पिक लाइन बाहेरून पाहता जवळजवळ सारख्याच दिसतात. भेद आहे तो टोक कोठे संपते यात, आणि हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. मिडलाइनला पिक लाइन समजून तिच्यातून तीव्र औषध सोडणे ही कल्पनेतील नव्हे, वॉर्डात खरोखर संभवणारी चूक आहे.

नीलेत काही सोडण्याची कल्पना जुनी आहे. १६५६ मध्ये ऑक्सफर्ड येथे ख्रिस्तोफर रेन याने पिसाची दांडी आणि प्राण्याचे मूत्राशय यांच्या साहाय्याने कुत्र्याच्या नीलेत द्रव सोडला. १८३२ च्या पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा या डॉक्टराने मरणोन्मुख रुग्णांच्या नीलेत क्षारयुक्त पाणी सोडून त्यांतील काहींना परत आणले. आज आपण ज्याला सरसकट ‘सलाईन’ म्हणतो त्याचा आरंभ येथे शोधता येतो. १९२९ मध्ये बर्लिनजवळील एबर्सवाल्डे येथे व्हेर्नर फोर्समान या तरुण शल्यविशारदाने कोपरातील नीलेतून मूत्रमार्गासाठी असलेली लांब नळी स्वतःच्याच हृदयापर्यंत नेली. हा प्रयोग करण्यासाठी लागणारी उपकरणे ज्या परिचारिकेच्या ताब्यात होती त्या गेर्डा डित्सेन हिला विश्वासात घेतल्यावाचून त्याला पुढे जाता आले नाही. प्रयोग आपल्यावरच होणार या समजुतीने ती सिद्ध झाली, आणि फोर्समानने मात्र तिला टेबलाशी बांधून नळी स्वतःच्या हातात घातली. त्याला १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या कथेतील साहसाचे वर्णन नेहमी होते. साधनांची किल्ली परिचारिकेकडे होती या तपशिलाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

परिचारिकेने स्वतः नीलेत नलिका बसवावी ही गोष्ट तर विसाव्या शतकाच्या मध्याकडे येईपर्यंत मान्य नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने १९४० मध्ये एडा प्लमर या परिचारिकेवर हे काम सोपविले, तेव्हा ते डॉक्टरांचेच क्षेत्र समजले जात असे. १९५० मध्ये मेयो क्लिनिकमधील डेव्हिड मासा याने धातूच्या सुईऐवजी आत राहणारी प्लास्टिकची नळी प्रचारात आणली आणि काम सुकर झाले. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर याने तारेवरून नळी सरकविण्याची पद्धत सांगितली. आजची बहुतेक लांब साधने याच पद्धतीने बसतात. १९७३ मध्ये अमेरिकेत या क्षेत्रातील परिचारिकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापिकांत प्लमर होत्याच. म्हणजे जे काम चाळीसच्या दशकात अपवाद होते ते तीस-पस्तीस वर्षांत एक विशेष शाखा बनले. परंतु हाताचे काम सोपविले गेले तेवढ्या वेगाने निर्णय सोपविला गेला नाही. या लेखाचा खरा विषय हीच दरी आहे.

आता निवडीच्या शास्त्राकडे वळू. येथे प्रथम एका गैरसमजाचा परिहार केला पाहिजे. साधन जितके लांब, जितके खोल आणि जितके महाग, तितके ते अधिक ‘चांगले’ अशी समजूत रुग्णांतच नव्हे तर काही डॉक्टरांतही आढळते. द्रवाच्या प्रवाहाचा पोझ्यी याने सांगितलेला नियम याच्या नेमका उलट जातो. नळीतून वाहणारा द्रव तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या प्रमाणात घटतो. त्रिज्या दुप्पट केली तर प्रवाह सोळापट होतो. लांबी दुप्पट केली तर तो निम्मा होतो. म्हणून अपघातात रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला अर्ध्या मीटर लांबीच्या बारीक पिक लाइनपेक्षा कोपराजवळ बसविलेली आखूड, जाड नलिका कितीतरी अधिक वेगाने रक्त पुरवू शकते. नलिकेच्या जाडीचा ‘गेज’ उलट चालतो, अंक मोठा तशी नळी बारीक, आणि रंगही ठरलेले आहेत : १८ गेज हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णाला निळी नलिका लावून पाठविणे आणि दोन दिवस प्रतिजैविक घेणाऱ्या वृद्धेच्या नाजूक नीलेत हिरवी घालणे, या दोन्ही चुका सारख्याच आहेत. औषधाला पुरेल तेवढीच जाडी घ्यावी, त्याहून अधिक नाही.

दुसरा विचार द्रवाच्या गुणधर्माचा. रक्ताचे तर्षणमान लिटरला सुमारे २९० मिलिऑस्मोल असते. हातावर नलिका जेथे बसते तेथील नीलेतून मिनिटाला अवघे १० मिलिलिटरांच्या आसपास रक्त वाहते, तर ऊर्ध्व महानीलेतून सुमारे २००० मिलिलिटर. तीव्र द्रव पहिल्या ठिकाणी सोडला तर तो पातळ होण्यापूर्वीच नीलेच्या अस्तराला भाजून काढतो. दुसऱ्या ठिकाणी क्षणार्धात पातळ होतो. म्हणूनच साधारणतः ९०० मिलिऑस्मोलच्या वरचे द्रव दीर्घकाळ द्यावयाचे असल्यास केंद्रीय मार्ग घ्यावा असे सांगितले जाते. ५ टक्के ग्लुकोज या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, १० टक्केही खाली आहे. ५० टक्क्यांचे द्रावण मात्र अडीच हजारांच्या घरात जाते. पूर्ण नीलापोषणाची बहुतेक मिश्रणेही वरच राहतात. तर्षणमान कमी असूनही काही औषधे स्वभावतःच दाहक असतात. डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगावरील औषध नीलेबाहेर ऊतकांत झिरपले तर तेथील त्वचा आणि मांस मरते. अशा औषधाच्या बाबतीत ‘आज हाताची शीर चांगली दिसते’ हा युक्तिवाद पुरेसा नाही.

तरीही या मर्यादा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. नॉरॲड्रिनलिन केंद्रीय मार्गानेच द्यावे असा दंडक पूर्वी होता. २०२१ च्या ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ मार्गदर्शनाने त्यात बदल केला : रक्तदाब कोसळलेला असताना केंद्रीय नलिकेची वाट पाहत बसण्यापेक्षा, कोपरात किंवा त्याच्या वरच्या चांगल्या नीलेतून, थोड्या वेळापुरते ते सुरू करावे. नियमाची कारणे ज्या परिचारिकेला ठाऊक आहेत तिलाच असा अपवाद समजतो. जिने नियम केवळ पाठ केला आहे तिला तो गोंधळात टाकतो.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित प्रश्न म्हणजे मुदतीचा. मिशिगन विद्यापीठातील विनीत चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या शाखांतील १५ तज्ज्ञांचे मंडळ बसवून शेकडो काल्पनिक रुग्णस्थितींवर त्यांचे मत घेतले आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘मॅजिक’ या आद्याक्षरी नावाने ते आता सर्वत्र ओळखले जातात. त्यांचा गाभा मुदतीत आहे. सौम्य औषध पाच दिवसांपर्यंत द्यावयाचे असेल तर साधी आखूड नलिका. सहा ते चौदा दिवस असतील तर मिडलाइन किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने खोल नीलेत बसविलेली नलिका. त्याहून अधिक काळासाठी पिक लाइन. आणि महिन्याच्या पुढे गेल्यास बोगद्याची नलिका किंवा पोर्ट. पाच दिवसांच्या आतील सौम्य औषधासाठी पिक लाइन घालणे त्या मंडळाने अयोग्य ठरविले. प्रत्यक्षात काय घडत होते? मिशिगनमधील ५२ रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा घातलेल्या पिक लाइनींपैकी सुमारे एक चतुर्थांश पाच दिवसांच्या आतच काढल्या गेल्या होत्या, असे आढळले. म्हणजे चारांतील एका रुग्णाच्या हृदयाजवळ नळी नेऊन ठेवली ती केवळ सोयीसाठी.

सोय कोणाची, हे विचारणे येथे अप्रस्तुत नाही. एकदा पिक लाइन बसली की रक्त तपासणीसाठी पुनःपुन्हा सुई टोचावी लागत नाही, रात्रपाळीच्या परिचारिकेला नीला शोधावी लागत नाही, डॉक्टरलाही बोलावणे येत नाही. ही सोय खरी आहे आणि तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. परंतु तिचे मोल जंतुसंसर्गाच्या आणि अंतर्क्लथनाच्या रूपाने रुग्ण देतो. २०० प्रसिद्ध अभ्यासांचा डेनिस माकी प्रभृतींनी २००६ मध्ये घेतलेला आढावा पाहावा : दर हजार नलिका-दिवसांमागे रक्तातील जंतुसंसर्गाचे प्रमाण आखूड नलिकेत ०.५, मिडलाइनमध्ये ०.२, रुग्णालयातील रुग्णांच्या पिक लाइनमध्ये २.१, बोगद्याविना घातलेल्या केंद्रीय नलिकेत २.७ आणि पोर्टमध्ये ०.१ आढळले. पिक लाइन दंडातून जाते म्हणून ती निर्धोक, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. हे आकडे वाचताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. आखूड नलिकेचा दर कमी असला तरी त्या इतक्या मोठ्या संख्येने वापरल्या जातात की त्यांच्यापासून होणारा एकूण संसर्ग नगण्य राहत नाही. अंतर्क्लथनाविषयी चोप्रा यांच्याच २०१३ च्या विश्लेषणात इतर केंद्रीय नलिकांच्या तुलनेत पिक लाइनमध्ये ही शक्यता सुमारे अडीचपट आढळली.

याचे कारण साध्या भूमितीत आहे. नीलेच्या आत नळी जितकी जागा व्यापते तितकी रक्ताची वाट अरुंद होते आणि प्रवाह मंदावतो; मंद रक्त गोठते. नळीचा व्यास नीलेच्या व्यासाच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावा असा आता संकेत आहे. नळीचे माप ‘फ्रेंच’ या एककात देतात, एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. यावरून चार फ्रेंचच्या एकमुखी पिक लाइनला निदान तीन मिलिमीटर रुंदीची नीला हवी, तर सहा फ्रेंचच्या त्रिमुखी नलिकेला जवळजवळ साडेचार. कृश बांध्याच्या स्त्रीच्या दंडात एवढी रुंद नीला पुष्कळदा नसतेच. ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून अधिक मुखांची नलिका मागविणारा डॉक्टर हे गणित करीत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर नीला मोजणाऱ्या परिचारिकेला मात्र ते समोर दिसत असते.

चौथा विचार रुग्णाच्या भविष्यकाळाचा, आणि येथे थोडे थांबावयास हवे. मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या रुग्णाला पुढे अपोहन लागण्याचा संभव असतो. त्यासाठी सर्वोत्तम मार्ग म्हणजे १९६६ मध्ये ब्रेसिया, चिमिनो प्रभृतींनी वर्णिलेली, हाताची रोहिणी आणि नीला यांना जोडून केलेली फिस्टुला. ही फिस्टुला व्हावयाची तर दंडातील आणि हातातील नीला निरोगी पाहिजेत. पिक लाइन नेमक्या त्याच नीलांतून जाते, आणि तिच्यामुळे झालेले अंतर्क्लथन किंवा आकुंचन ही वाट कायमची बंद करू शकते. म्हणून मूत्रपिंडविकार ३-ब किंवा त्यापुढील अवस्थेत असेल, म्हणजे गाळणक्षमता ४५ च्या खाली असेल, तर पिक लाइन टाळावी, असे ‘मॅजिक’ने स्पष्ट सांगितले. तरीही मिशिगनच्याच नोंदींत पिक लाइन घातलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के रुग्ण या गटातील निघाले. २०१६ पासून केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अपोहन कार्यक्रमामुळे आपल्या जिल्हा रुग्णालयांतूनही अपोहनाची सोय होऊ लागली आहे. एके काळी जे रुग्ण अपोहनापर्यंत पोहोचतच नसत ते आता पोहोचतात. तेव्हा त्यांच्या नीला राखण्याची जबाबदारी आपल्याकडेही पूर्वीपेक्षा वाढली आहे.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. बासष्ट वर्षांच्या एका मधुमेही स्त्रीला पायाच्या हाडात संसर्ग झाला आहे. सहा आठवडे व्हॅन्कोमायसिन द्यावयाचे आहे. मुदत पाहिली तर पिक लाइन, औषधाची दाहकता पाहिली तरी पिक लाइन. परंतु तिची गाळणक्षमता ३२ आहे. आता उत्तर बदलते : मानेतील नीलेतून त्वचेखालून नेलेली बारीक नलिका अधिक योग्य ठरते. शिवाय दुसरे औषध चालेल काय, ते तोंडाने देता येईल काय, हा प्रश्न नलिकेच्याही आधी विचारला पाहिजे. सर्वांत निर्धोक नलिका ती, जी घालावीच लागली नाही. हा गाळणक्षमतेचा आकडा तपासणीच्या कागदावर असतो, नलिकेच्या मागणीपत्रावर नसतो. दोन कागद एकत्र पाहणारे कोणी नसेल तर निर्णय चुकतो, आणि चुकल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. कारण त्याचा परिणाम चार वर्षांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरपुढे दिसतो.

नलिका कोठे बसवावी याविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. मनगट आणि कोपराचा सांधा टाळून अग्रबाहूचा मधला भाग घ्यावा, कारण सांध्यावरील नलिका हालचालीने लवकर निकामी होते. एकाच व्यक्तीने दोनपेक्षा अधिक वेळा प्रयत्न करू नये. नंतर अधिक निष्णात हाताला किंवा सोनोग्राफी यंत्राला बोलवावे. ‘आणखी एकदा बघते’ या वाक्याने जितक्या नीला गेल्या असतील तितक्या रोगानेही गेल्या नसतील, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे.

नलिका किती दिवस ठेवावी याचे उत्तर मात्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. दर तीन-चार दिवसांनी ती बदलावीच, असा रिवाज जगभर होता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथे क्लेअर रिकर्ड आणि सहकाऱ्यांनी ३,२८३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियमाने बदललेल्या आणि गरजेनुसार बदललेल्या अशा दोन्ही गटांत नीलाशोथाचे प्रमाण ७ टक्केच आढळले. रिकर्ड या स्वतः परिचारिका आहेत, हे मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे. कॅलेंडर पाहून नळी बदलण्यापेक्षा हात पाहून बदलावी, असा याचा अर्थ. पण हात रोज, किंबहुना प्रत्येक पाळीत, पाहिला गेला तरच हा नियम सुरक्षित राहतो. एका परिचारिकेकडे चाळीस रुग्ण असलेल्या वॉर्डात तो जसाच्या तसा उचलणे मला धोक्याचे वाटते. शिवाय नीलाशोथाच्या प्रचलित मोजपट्ट्या लालीवर भर देतात, आणि सावळ्या त्वचेवर लाली उशिरा दिसते. आपल्या रुग्णांत ऊब, दुखरेपणा आणि बोटाला लागणारी दोरीसारखी कठीण शीर यांना अधिक महत्त्व दिले पाहिजे.

राहिला अधिकाराचा प्रश्न. वरील चारही विचारांतील मुदत आणि औषध ही माहिती डॉक्टरकडे असते. नीलेची अवस्था परिचारिकेला ठाऊक असते. भविष्यकाळाची खूण दोघांपुढे असलेल्या कागदांत असते. तेव्हा हा निर्णय एकट्या कोणाचाच असू शकत नाही. परंतु आपल्या पुष्कळ रुग्णालयांत ‘डॉक्टर, हे औषध किती दिवस चालेल?’ हा प्रश्न परिचारिकेने विचारणे आगाऊपणाचे समजले जाते, आणि अनेक ठिकाणी साधन नातेवाइकांनाच औषधांच्या दुकानातून आणावे लागत असल्याने निवड त्यांच्या खिशावर जाऊन ठरते. मिडलाइन दुकानात मिळाली नाही म्हणून रुग्णाला दहा दिवसांत पाच वेळा टोचणे, किंवा उलट थेट केंद्रीय नलिका घालणे, हे दोन्ही प्रकार मग घडतात. ज्या देशांत प्रशिक्षित परिचारिकांची स्वतंत्र पथके आहेत तेथे मागणी आली की पथक आधी प्रश्न विचारते आणि मागितलेल्यापेक्षा वेगळे साधन सुचविण्याची मुभा त्याला असते. ‘नाही’ म्हणण्याच्या या मुभेवाचून सोनोग्राफीचे कौशल्य केवळ अधिक नलिका अधिक वेगाने घालण्याच्या कामी येईल.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५१ देशांतील चाळीस हजारांहून अधिक आखूड नलिकांच्या पाहणीत बहुसंख्य नलिका परिचारिकांनीच बसविल्याचे आणि अनेक नलिका कोणतेही औषध वा द्रव चालू नसताना तशाच राहिल्याचे दिसून आले. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून एक सोपा आणि बिनखर्ची विषय घेता येईल. एकाच वॉर्डात तीस दिवस रोज सकाळी प्रत्येक नलिकेची नोंद घ्यावी : ती कोणी मागितली, किती दिवसांसाठी, त्या दिवशी तिच्यातून काय गेले, रुग्णाची गाळणक्षमता किती, आणि ती काढण्याचा आदेश कोणी व केव्हा दिला. शेवटचा रकाना बहुधा रिकामा राहील, आणि प्रबंधाचा आरंभ तेथूनच करावा लागेल.